पाकीट बदलायचं आहे

"अरे, परत पपई? मागच्या टाइमला पण पपईच होती ना, भिया."

"मग काय आणू? नरम पाहिजे म्हणाले डॉक्टर. केळी तू आणलीस, चिकू मोहन सरांनी आणले. फळं संपली आता. आणि मी भिया नाहीये."

"तसं नाही गं. पण असं नाही वाटत, की आपण खाऊ घालून विचारून राहिलोय?"

"हळू बोल, निखिल. जाळीचं दार आहे."

जाळीचं दार होतंच, आणि त्याच्यामागे मी होते. हाताला कणीक, बेल वाजायच्या आत दार उघडावं म्हणून आलेली. बेलनं विजय दचकतो. मी दोन पावलं मागे सरकले, मनात दहापर्यंत मोजलं आणि चपला फटफट वाजवत पुन्हा पुढे आले.

"अरे वा, पपई! ह्यांना फार आवडते."

विजयला पपई जन्मात आवडलेली नाही. पण गेले चार महिने या घरात सगळे एकमेकांशी असंच बोलतात.

विजय म्हणजे माझा नवरा. समोर 'अहो' म्हणते, लिहिताना विजय लिहिते. लिहिताना तो जरा जास्त सापडतो. भाऊबीज होऊन चार दिवस झाले होते. सकाळी पोह्यांवर शेव घालता घालता त्याच्या हातातून वाटी पडली, आणि मी "लक्ष कुठे असतं तुमचं" म्हणेपर्यंत तो स्वतःच पडला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला, बोलणं गेलं. दवाखान्यातून घरी आला तेव्हा तीन शब्द शिल्लक होते: "चला", "अच्छा" आणि "बस". एवढ्यावर सिटी बस चालवता येते, संसार नाही.

संहिता सांगलीची. सहा वर्षांपूर्वी पीएच.डी.साठी इंदूरला आली तेव्हा पोह्यांबरोबर जिलबी बघून रडायची बाकी होती. निखिल इथलाच, त्याचे पणजोबा आणि विजयचे आजोबा होळकरांच्या दफ्तरात एका सतरंजीवर बसत, असं दोन्ही घरांत सांगतात. मराठी बोलता बोलता तो हिंदीत कधी शिरतो त्याचं त्यालाच कळत नाही, आणि भिया, म्हणजे इंदुरी भैया, तर तो सगळ्यांनाच म्हणतो, एकदा मलाही म्हणाला. दोघंही विजयच्या लॅबमधले. दर शनिवारी दुपारी येतात. तब्येत विचारायला येतो म्हणतात. येतात एका आकड्यासाठी.

तो आकडा काय, हे नीट सांगायला हवं, नाहीतर एवढी पपई कशासाठी ते कळणार नाही.

माझं शिक्षण बारावी, तेही आर्ट्स. पण वीस-बावीस वर्षं मी घरी बसून भंवरकुआंकडच्या पोरांचे प्रबंध टाइप करते आहे. दुसऱ्याचं अक्षर लावता लावता डोक्यात काही ना काही राहतंच. न कळलेलं मी वहीत उतरवून ठेवते आणि जेवताना विजयला विचारते. म्हणजे विचारत असे. न्यूट्रिनो मला असाच एका प्रबंधाच्या पान त्रेचाळीसवर भेटला. इतका बारीक कण, की दर सेकंदाला आपल्या आरपार कोट्यवधी जातात आणि कुणाला शिंकसुद्धा येत नाही. वर्षानुवर्षं लोक समजत होते की त्याला वजनच नाही. मग कळलं, आहे. किती, ते अजून कुणालाच ठाऊक नाही.

ते मोजायचं कसं, हे विजयनं मला आमटी-भातावर समजावलं होतं. हायड्रोजनचं एक जड भावंड असतं, ट्रिटियम. त्याचा अणू मोडतो तेव्हा घरातून दोघं बाहेर पडतात, एक इलेक्ट्रॉन आणि एक न्यूट्रिनो. एक दिसतो, एक दिसत नाही. निघताना जी काही ऊर्जा असते ती दोघं वाटून घेतात, आणि वाटणीला काही धरबंध नसतो. पण अब्जावधींत कधीतरी एकदा दिसणारा जवळजवळ सगळं उचलून निघतो. तेव्हा न दिसणाऱ्याच्या पदरात काय उरतं? काही नाही, नुसतं त्याचं असणं. तेवढं मात्र दुसऱ्याला नेता येत नाही. इलेक्ट्रॉनकडे तेवढं कमी पडतं. ते कमी पडणं मोजायचं.

"नुसतं असायलाही काहीतरी लागतंच," विजय म्हणाला होता, आणि आणखी भात मागितला होता.

आमच्या लॅबमधलं यंत्र म्हणजे पोलादाचं एक आडवं पिंप, आतली हवासुद्धा काढून घेतलेली. जर्मनीत याच कामाचं यंत्र आहे ते घराएवढं. त्यापुढे आमचं म्हणजे कुकर. पण एकाच चुलीवर शिजलेल्यावर हे लोक विश्वास ठेवत नाहीत, दुसऱ्यानं दुसऱ्या भांड्यात शिजवून बघावं लागतं. पिंपात विजेच्या दाबाचा एक उंबरठा असतो. जो इलेक्ट्रॉन तो ओलांडेल तो मोजायचा. उंबरठा केसभर हलला तरी सगळं वाया. तो हलू न देणं हे विजयचं काम. सहा वर्षांत चारशे बारा फेऱ्या झाल्या, आणि प्रत्येक फेरीचं कागदावर एक टिंब. एकेकट्या टिंबावर भरवसा ठेवावा इतकं त्यात काही नसतं. सगळी मिळून काय सांगतात ते खरं.

आता यांची रीत. माणसाला जे हवं असतं तेच दिसतं, हे या लोकांना पक्कं ठाऊक आहे. ते स्वतःवरसुद्धा विश्वास ठेवत नाहीत. म्हणून मोजमापात मुद्दाम घोळ करून ठेवतात. प्रत्येक फेरीचा उंबरठा थोडा पुढे किंवा थोडा मागे सरकवून नोंदवायचा; किती सरकवायचा ते एका गुपित आकड्यावरून यंत्रच ठरवतं. खरी नोंद ठेवायचीच नाही, मोह नको. मग डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखं सगळं गणित करायचं, चुका काढायच्या, वाद घालायचे, आणि आता एक अक्षरही बदलणार नाही असं ठरलं की आकडा द्यायचा. घोळ निघून जातो. इथल्या लालबागच्या जत्रेतल्या गर्दीसारखी पसरलेली चारशे बारा टिंबं एका ओळीत येतात. लॅबमध्ये याला 'पंगत बसणं' म्हणतात. शब्द विजयचा.

तो आकडा एकाच माणसाला ठाऊक असतो. सगळ्यांनी मिळून विजयला निवडलं, कारण हा माणूस खोटं बोलत नाही. एकोणतीस वर्षांच्या संसारात हे ऐकायला वाटतं तितकं सुखाचं नसतं.

त्या एका माणसाला काही झालं तर? तेही त्यांनी धरलं होतं. आकडा कागदावर लिहून, पाकिटात घालून, वर लाख लावून मोहन सरांच्या कपाटात ठेवलेला होता. मोहन सर म्हणजे लॅबचे प्रमुख. डिसेंबरात गणित पुरं झालं तेव्हा त्यांनी कचोरी मागवली, चहा मागवला. विजयलाही बघता यावं म्हणून संहितानं मला व्हिडिओ कॉल लावला. पाकीट फोडलं. निखिलनं आकडा घातला. मी फोन विजयच्या तोंडासमोर धरून बसले होते. टिंबं हलली, आणि होती त्याहून जास्त पसरली. हातात कचोरी धरून सगळे तसेच उभे राहिले.

दोन दिवसांनी निखिलला जुन्या नोंदवहीत एक पान सापडलं. सहा वर्षांपूर्वीचा जुलै, आणि इंग्रजी नोंदींच्या मधोमध विजयच्या अक्षरात मराठी. 'वीज पडली. सप्लाय जळाला. फेऱ्या पहिल्यापासून. नवा आकडा दिला. पाकीट बदलायचं आहे.'

आमच्या बाथरूमची कडी अकरा वर्षं बदलायची आहे.

मग माझी पाळी आली. निखिल वही घेऊन समोर बसला. "काकू, सर कोणते नंबर यूज करायचे? मोबाइलचं लॉक, काहीपण. सोचो आरामसे." मी सांगत गेले. पहिली आमच्या लग्नाची तारीख. मग अनुष्काचा, आमच्या मुलीचा, वाढदिवस. पहिल्या स्कूटरचा नंबर. लँडलाइनचा. सासूबाई गेल्या तो दिवस. चष्म्याचा नंबरसुद्धा सांगितला, दोन्ही डोळ्यांचा. निखिल एकेक घालून बघायचा आणि मान हलवायचा. आमच्या संसारात मोजता येण्यासारखं जेवढं होतं तेवढं सगळं मी त्या पोरापुढे काढून ठेवलं, आणि पंगत कशानंच बसली नाही. खरं सांगते, लग्नाच्या तारखेला मला थोडी आशा होती. पण विजयनं नियम पाळला होता. कुणाला सुचेल असा आकडा घ्यायचा नाही, हा नियम.

नंतर निखिलनं लॅबच्या मोठ्या संगणकाला कामाला लावलं. एकपासून पुढे प्रत्येक आकडा. सतरा दिवस तो घरघरत होता. नऊ अंकांपर्यंतचे सगळे संपले. म्हणजे आकडा दहा अंकी, किंवा त्याहून लांब; दहा अंकांनाच आणखी पाच महिने लागतील, आणि त्यापुढे संगणकालाही जन्म पुरणार नाही. उरलं विजयचं डोकं.

"सरांना माहीत आहे, काकू," निखिल म्हणाला. "अंदर है. फक्त बाहेर येऊन नाही राहिलं."

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते अनुष्काला सांगितलं, बहिणीला सांगितलं, दूधवाल्याला हिंदीत सांगितलं. आत आहे, फक्त बाहेर येत नाही.

विजयला पुन्हा बोलायला शिकवायला शिखा येते, आठवड्यातून तीनदा. चित्रं दाखवते: पंखा, केळं, चप्पल. विजय घाम फुटेस्तोवर प्रयत्न करतो आणि चपलेला "चला" म्हणतो, जे अगदीच चूक नाही. "अंकलजी ने जिस दिन पूरा एक वाक्य बोला, उस दिन पेढे," असं आमचं ठरलेलं आहे. जानेवारीत एकदा दारात सँडलचा पट्टा लावताना ती वर न बघताच म्हणाली, "आंटी, एक बात बोलूँ? बोल न पाना अलग चीज़ है, और याद न रहना..."

"चाय पिओगी?" मी विचारलं.

"अभी तो पी, आंटी."

"तो और पी लो."

ती पुन्हा प्यायली. समजूतदार पोरगी आहे.

मी तिला पुढे बोलू दिलं नाही, कारण मला ते ठाऊक होतं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीनंच विचारून बघितलं होतं. विजयचा डावा हात हातात घेतला आणि म्हटलं, "अहो, तो आकडा आहे ना डोक्यात? असला तर नुसता हात दाबा. सांगू नका, दाबा फक्त." त्यानं दाबला नाही. माझ्याकडे बघितलं. पूर्वी किल्ली कुठे ठेवली ते आठवेना की खिसे चाचपायच्या आधी तो असाच बघायचा. मी हात सोडला आणि टीव्ही लावला.

कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर शनिवार बंद झाले असते. मोहन सरांचा सोमवारचा फोन बंद झाला असता. "कसे आहेत?" म्हणून ते विचारतात, मग जरा थांबून, "काही... म्हणाले का?" जोवर आकडा आत आहे तोवर विजय लॅबचा माणूस आहे. आकडा गेला की नुसता पेशंट. मी त्याच्यासाठी दार उघडं ठेवते आहे, असं स्वतःला समजावत होते. त्याच उघड्या दारातून संहिताची सहा वर्षं दर आठवड्याला थोडी थोडी बाहेर जात होती, तेही दिसत होतं.

तर आजचा शनिवार. विजय खिडकीशी खुर्चीत होता, धुतलेला शर्ट, भांग मी पाडलेला, त्यामुळे उलट्या बाजूला. दोघांना बघून "अच्छा" म्हणाला. निखिल त्याच्यापाशी स्टुलावर बसला आणि कालच्या मॅचचं सांगायला लागला. संहिता पपई घेऊन माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. मागच्यापेक्षा वाळलेली वाटली. ओढणीला पिन लावायची विसरली होती.

"मी चिरते, काकू."

"तुला येत नाही. मागच्या वेळी सालासकट दिलीस."

तिनं ऐकलं नाही, विळी ओढली. तिचा प्रबंध मीच लावते आहे, येत्या गुरुवारी तो द्यायचा आहे. मुदत दोनदा वाढवून झाली. लॅबमधलं ट्रिटियम जिथून आलं होतं तिथे परत गेलं, मार्चअखेर खोली दुसऱ्या कामाला जाणार, पिंप कुठे जाणार ते पिंपालाही ठाऊक नाही. पुन्हा मोजणं नाही. सहाव्या प्रकरणात एक वाक्य आहे: न्यूट्रिनोचं वस्तुमान अमुकपेक्षा कमी. अमुकच्या जागी मी चार टिंबं ठेवली आहेत. एरवी मला हे वाक्य आवडतं. एवढी खटपट करून ही माणसं 'इतकं आहे' असं म्हणतच नाहीत; 'याच्यापेक्षा जास्त नाही' एवढंच म्हणतात. विजय कसा आहे म्हणून कुणी विचारलं की मीही तसंच सांगते, कालच्यापेक्षा वाईट नाही.

"ती चार टिंबं, काकू," संहिता म्हणाली.

"बिया नीट काढ."

"नाही, मी म्हणत होते, सहावं प्रकरण जर..."

"अजून सहा दिवस आहेत."

"पाच."

"पाच तर पाच."

ती बिया काढत राहिली. आकडा नसेल तर तिचा प्रबंध म्हणजे पिंप कसं बांधलं याची दीडशे पानं, हे तिलाही माहीत आणि टाइप करणाऱ्या मलाही माहीत. "आई विचारते," ती थोड्या वेळानं म्हणाली, "की एवढंसं वजन मोजायला सहा वर्षं कशाला लागतात. मी तिला म्हटलं, होत आलंय. सहा महिने झाले, होतच आलंय." ती हसली. मीही हसले. तेवढ्यात माझा फोन वाजला. मोहन सर. शनिवारी ते कधी करत नाहीत.

"कसे आहेत?"

"बरे आहेत, सर. कालच्यापेक्षा..."

"संहिता आली आहे ना तिकडे?"

"हो, आत्ताच आली."

"बरं. बरं, बरं." मग नेहमीसारखे थांबले, पण या वेळी पुढचं विचारलंच नाही. "तिला म्हणावं, सोमवारी येऊन भेट. तसं काही नाही. आणि पपई वगैरे देत जा त्यांना."

मी फोन ठेवला. "काय म्हणाले?" संहितानं विचारलं.

"पपई द्या म्हणाले."

बशी घेऊन बाहेर आलो तर निखिलनं विजयच्या मांडीवर पाट ठेवून त्यावर पुठ्ठे मांडले होते. शून्य ते नऊ. शिखानं करून दिलेले, मोठ्या काळ्या अंकांचे. शेजारच्या टीपॉयवर लॅपटॉप उघडलेला, पडद्यावर टिंबांची जत्रा.

"सर, टेन्शन नाही घ्यायचं," निखिल म्हणाला. "जे मनात येईल त्यावर बोट. आरामसे."

"अच्छा," विजय म्हणाला.

मागच्या शनिवारी त्यानं अकरा अंक दाखवले होते, त्याच्या आधीच्या शनिवारी तेरा. प्रत्येक वेळी आम्ही श्वास धरून बघितलं आणि प्रत्येक वेळी जत्रा ती जत्राच. मला दुसऱ्याच वेळी दिसलं होतं की तो पुठ्ठ्यांकडे बघतच नाही. बोट अंकांवरून फिरवत संहिताच्या चेहऱ्याकडे बघतो, आणि तिचा चेहरा जिथे उजळेल तिथे बोट टेकवतो. तिला बरं वाटावं म्हणून. हेही मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आज त्यानं कुणाकडेच बघितलं नाही. मान खाली घातली, डावा हात उचलला. दोनवर ठेवला. मग तीन. निखिल पुटपुटत लिहून घेत होता. मग शून्य. मग पाच.

पाचला माझ्या हातातली बशी तिरकी झाली. पपईची एक फोड सतरंजीवर पडली, ती मी उचलली नाही.

एक. नऊ. पुन्हा नऊ. सहा.

"बस," विजय म्हणाला आणि हात पाटाखाली नेला.

तेवीस मे एकोणीसशे शहाण्णव, आमच्या लग्नाचा दिवस. निखिलच्या वहीतला पहिला आकडा. आणि आठच अंक. नऊ अंकांपर्यंतचा प्रत्येक आकडा संगणकानं सतरा दिवस चावून टाकला होता, हे खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. निखिलचे कान लाल झाले. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि पटकन पंख्याकडे बघितलं. मी काय करणार? चार महिने मी त्या माणसाचं तोंड पुसते आहे, औषध पाजते आहे, आणि त्याच्या डोक्यात काय उरलंय ते मला आज दुपारी पुठ्ठ्यांवर कळत होतं. आकडा विचारला की देण्यासारखा त्याच्यापाशी हा एकच होता.

"आठच?" निखिल अगदी हळू म्हणाला.

"घालते ना," संहिता म्हणाली. "सरांनी सांगितलाय."

तिनं एकेक अंक घातला, जणू पहिल्यांदाच घालते आहे अशी सावकाश. लॅपटॉपवर सगळी टिंबं मांडायला अर्धा मिनिट लागतो. पंखा फिरत होता. बाहेर कचऱ्याची गाडी तिचं गाणं वाजवत गेली. टिंबं हलली. पसरली.

मग संहितानं गळा साफ केला.

"थोडं... जवळ वाटतंय ना?"

"हो," निखिल म्हणाला, "हा कोपरा बघ ना. इथे बेटर है. मागच्या वेळेपेक्षा पुष्कळ बेटर आहे, भिया."

"मलापण वाटतंय," मी म्हणाले.

याच निखिलनं एका टिंबावरून लॅबमध्ये तीन आठवडे भांडण केलं होतं. याच संहितानं सहा वर्षं डोळ्यांवर पट्टी बांधून काम केलं होतं, हवं ते दिसू नये म्हणून. आणि आम्ही तिघं त्या पसरलेल्या जत्रेत कोपऱ्या-कोपऱ्यातून पंगत शोधत होतो.

"चला," विजय म्हणाला. डावा हात लॅपटॉपकडे.

संहितानं पुठ्ठे बाजूला केले आणि लॅपटॉप उचलून त्याच्या मांडीवर ठेवला. मी त्याचा चष्मा लावून दिला. तो पडद्याकडे वाकला, आणि मला चार महिन्यांत पहिल्यांदा ओळखीचा चेहरा दिसला. सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन मी कधी लॅबमध्ये गेले, की मीटरसमोर तो असाच वाकलेला असायचा; बायको आल्याचं कळायला त्याला पाच मिनिटं लागत. त्याचं बोलणं गेलं होतं, हे गेलं नव्हतं. बोट पहिल्या टिंबापासून निघालं आणि ओळ वाचावी तसं सरकत गेलं, वर, खाली, पुन्हा वर. निखिलच्या त्या बेटर कोपऱ्यापाशी थांबलं. तिथे त्यानं जरा जास्त वेळ बघितलं. मग निखिलकडे बघून मान हलवली. नाही.

"सर, होतं असं," निखिल घाईनं म्हणाला. "नेक्स्ट सॅटर्डेला आपण परत..."

विजयनं झाकण मिटलं. हळू मिटलं, झोपलेल्या पोराच्या खोलीचं दार लावावं तसं. त्यावर पंजा पालथा ठेवला आणि मान वर करून संहिताकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर आता उजळण्यासारखं काही नव्हतं, तरी तो बघत राहिला. त्याचे ओठ हलायला लागले. शिखा सांगते, शब्द येत असला की मध्ये पडू नका, पुरवू नका, येऊ द्या. गळ्याची शीर ताणली गेली. कपाळावर घाम आला. मला वाटलं, चला म्हणेल. नाहीतर अच्छा.

"म," तो म्हणाला. "मला."

निखिलनं माझं कोपर घट्ट धरलं. चार महिन्यांतला चौथा शब्द. मनात, खरं सांगते, वेड्यासारखे पेढे आले. कुठून आणायचे तेसुद्धा आलं. संहिता खाली सतरंजीवर गुडघे टेकून त्याच्यासमोर बसली. तिच्या एका हातात वही होती, पेन उघडलेलं. पुढचा अंक येईल म्हणून.

विजयनं तिच्या पेनकडे बघितलं. मग डावा हात झाकणावरून उचलला आणि त्या पेनवर ठेवला, तिनं लिहू नये म्हणून.

"मला... नाही... आठवत," विजय म्हणाला. "बस."